लाइट बंद करा

मंग काका, कलीमनं वरून आवाज देला होता का नाई देला? — नाई नाई, शिडी सोडू नका, धरून राहा, बोलायले हात थोडेच लागते. अन् भिऊ नका, मेन बंद हाय, म्हनून त हा टॉर्च टांगला शिडीले. मी सोता जाऊन बंद करून आलो. दुसऱ्याच्या हातानं मेन बंद करायचं सोडून देलं मी. — हो, कलीम. तोच. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या याच मधल्या खोलीत, याच हुकाखाली, पंखा लावता लावता मेला तो कलीम मिस्त्री. मी त्याचा लहाना भाऊ, अय्याज. — आता कशे पाहून राह्यले माह्या तोंडाकडं! सकाळपासून त बाबू बाबू करत होते. बाबू, पंखा हालला नाई पायजे. बाबू, भिंतीले हात लावू नको, रंग नवा हाय. मी मनात म्हनलं, पाहू, कवा ओळखते. नाईच ओळखलं तुमी. कसे ओळखान? मयतीले आले असते त ओळखलं असतं. पांढरकवड्याहून केळापूर काई लांब नाई, पायी पायी येते मानूस. तुमी आले नाई.

विचारलं मी. सगळ्याइले विचारलं. एकच सवाल होता माहा — वर चढल्यावर त्यानं आवाज देला का नाई. ठान्यात विचारलं, साहेब म्हने, बस बाजूले. दवाखान्यात विचारलं, डॉक्टर म्हने, मले काय माहीत, मी काय तिथं होतो? मंग एक हवालदार होता, भला मानूस, त्यानं टपरीवर नेलं, चहा पाजला अन् सांगतलं — अरे, घरवाल्यानं बयान देलं हाय, तुहा भाऊ कोनाले काई न सांगता, न विचारता सरळ चढला. त्याच्याच हलगर्जीनं मेला. हलगर्जी. मी चार बुकं शिकलेला मानूस काका, मले तो शब्द माहीत नव्हता. मी घरी गेलो अन् गझाला भाभीले विचारलं — भाभी, हलगर्जी म्हंजे काय? ती शिकेल हाय. तिनं सांगतलं नाई, ओढनी तोंडावर घेतली अन् आत गेली. मंग भीमसिंगभाऊच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. तो म्हने, लापरवाही. — लापरवाही! कलीमभाईची लापरवाही! हसू आलं मले, खरंच सांगतो. दुकानात उभा राहून हसलो मी खोखो, लोकं पाहत होते, मयतीच्या घरचा पोरगा हसून राह्यला.

काहून हसलो सांगू? — थांबा, ती लाल तार द्या इकडं. हो, तेच, बोर्डाखाली पडून हाय ते बंडल. — आमच्या केळापुरात भाईले काय म्हनत माहीत हाय? डरपोक मिस्त्री. पोट्टे तोंडावर म्हनत. घरात एक बल्ब बदलायचा असला तरी हा मानूस पायात रबरी चप्पल घालन, मेन बंद करन, मंगच वर हात नेईन. जुनं घर असलं त आनखी. म्हने, अय्याज, जुन्या घराच्या बटनावर कधी भरोसा ठेवायचा नाई, कोनी उलटं जोडलं असन काय सांगता येते? तुमचं उलटंच होतं काका. जवा कवा वायरिंग झाली असन तवाच्या मिस्त्रीनं गरम तार, म्हंजे जिच्यात लाइट असते ती, सरळ पंख्यात नेली अन् बटनावर थंडी तार आनली. बटन बंद केलं की पंखा थांबते, घरच्याइले वाटते सगळं बराबर हाय — पन वर पंख्यात लाइट तशीच उभी. हात लागाची देर. भाईले ते माहीत होतं. तुमच्या घराले पाहूनच त्यानं ओळखलं असन. म्हनून तो मेन बंद केल्याशिवाय... — मी काय म्हनतो, लोकं हसत त्याले, तवा तो काय म्हने? म्हने, डरपोक हाय म्हनून त दोन्ही हात जागेवर हाय.

मी त्याच्यासंगच काम करो. तो वर, मी खाली. त्याची एक रीत होती. वर चढला की तो आवाज देईन — लाइट बंद कर! मी मेनकडं धावत जाईन, बंद करीन, अन् तिथूनच मोठ्यानं वरडीन — बंद! तो आवाज कानावर पडल्याशिवाय तारेले बोट नाई लावत. कधी मी मस्करी करो, बंद करो पन वरडो नाई. तो वर तसाच पुतळ्यावानी उभा. मंग शिव्या देई — अबे ओ, मुंह में क्या है, बोल ना! — त्या दिवशी मी राजूरले होतो, कोळशाच्या खानीकडं, कॉलनीत फिटिंगचं काम निघलं होतं, त्यानंच धाडलं होतं मले. इथं तो एकटा आला. खाली मी नव्हतो काका. खाली तुमी होते.

पाय दुखून राह्यले का? दुखू द्या. झालंच आता, डांडी बसली, पाती तेवढ्या लावतो. — पानी नोको मले. या घरातला चहा सकाळी पेलो, तेवढाच लय झाला.

हे काम मले कसं भेटलं, माहीत हाय का? भीमसिंगभाऊच्या दुकानात तुमी आलते — पोरगी येऊन राह्यली, आभा, जावई येऊन राह्यला, मधल्या खोलीत पंखा नाई, लाइट नाई, अन् गावातला एकही मिस्त्री येत नाई. कोन येईन? मिस्त्री लोकं आपसात बोलते काका. ज्या खोलीत मिस्त्री मेला अन् वरून त्यालेच नावं ठेवली, त्या खोलीत कोन येईन? मी दुकानाच्या मांग वायर मोजून राह्यलो होतो. तुमी गेल्यावर म्हनलं, मी जातो. भीमसिंगभाऊ म्हने, अय्याज, जाऊ नको, तुहं डोकं लवकर गरम होते, काई करून बसशीन. मी म्हनलं, काई नाई करत, पंखाच लावतो. — खोटं बोललो. पंखा लावायले नव्हतो आलो मी.

सांगू काय करायले आलतो? तसंच जोडायले. जसं होतं तसंच, उलटं. गरम तार वर, थंडी बटनावर. नवा पंखा, नवी बटनं, पांढराशुभ्र बोर्ड, कोनाच्या बापाले कळलं नसतं. मंग कवातरी दिवाळीची सफाई निघन, तुमी बटन बंद करान, टेबलावर चढान, ओलं फडकं घ्यान — अन् मंग ठान्यात कोनीतरी म्हनन, हलगर्जी. रात्रंदिवस तेच पाहत होतो मी डोयासमोर. जेवता जेवता पाहो. नमाजात पाहो, अल्ला माफ करो. — शिडी काहून हालून राह्यली? धरा ना नीट. आता सांगून टाकलं, म्हंजे केलं नाई तसं मी. ऐका त खरं पुरं. सकाळी बोर्ड उघडला, पकड घेतली, लाल तार, गरमवाली, सोलली, अन् हात आपोआप तिले बटनाकडं घेऊन गेला. काढली, पुन्हा वर नेली. पुन्हा बटनाकडंच आली. ऐकेच नाई हात. हा हात माहा नाई काका, भाईनं धरून शिकवेल हाय, पाटीवर अक्षर गिरवते तसा गिरवून घेतला त्यानं. माह्या गुश्शाचं तो काहून ऐकन? लय राग आला मले माह्याच हाताचा. तिथंच बसलो भिंतीले टेकून — हो, तोच डाग हाय तो, ज्याले तुमी मंगाशी बोलत होते.

अन् तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. — आता काकूले काई बोलान त पाहा! त्या शेजारच्या धुरपताबाईकडं गेल्या हाय, येतीन आता, त्याइले एक शब्द बोलायचा नाई. त्याइनं काई मुद्दाम नाई सांगतलं. मी काई विचारलंबी नाई. ज्याइले विचारत फिरलो त्याइनं जवाब देला नाई, अन् जिले विचारलंच नाई तिनं बशीत चहा ओतता ओतता देऊन टाकला. मले तसं बसलेलं पाहून म्हनल्या, बाबू, घाबरू नको हो या खोलीत. तुझ्याआधी एक जण गेला इथं, फार चांगला मुलगा होता. चप्पल बाहेर काढ म्हटलं तर म्हणे, नाही काकू, ही पायातच पाहिजे. चढला, आणि वरून म्हणाला, काका, लाइट बंद करा. यांनी लगेच बंद केला हो. बंद केला रे बाबू, असं सांगितलंसुद्धा यांनी. तरी कसं काय झालं, देवालाच माहीत. — असं म्हनून काकूनं पदरानं डोळे पुसले. मी कप खाली ठेवला. ठेवला का पडला, आठवत नाई.

बंद केला. — केला काका, केली नाई. ट्यूबलाइट बंद केला तुमी. या खोलीले खिडकी नाई, भरदिवसा ट्यूब लावा लागते, अन् तो ट्यूब तुमी बटन दाबून बंद केला, दाराजवळचं बटन, अन् उभे राह्यले. मेन तिकडं न्हानीच्या बाजूले, तिथपर्यंत गेलेच नाई. — हो, माहीत हाय मले, तुमच्या घरात लाइट म्हंजे दिवा. आमच्यात लाइट म्हंजे लाइट, तारेतली. पन एक सांगा, गावात अंधार झाला की तुमीबी अंगनात येऊन म्हनताच ना — लाइट गेली? तवा काय ट्यूब उठून जाते का फिरायले? तवा तुमाले बराबर समजते, गेली म्हंजे कोन गेली. अन् मिस्त्री वर तारेले हात घालून म्हनते लाइट बंद करा, तवा दिवा? भर कामात, अंधार कर म्हनीन का कोनी मिस्त्री? — अन् भाईले केला काय अन् केली काय, त्याची मराठी आमच्यावानी कामापुरती. आमच्या बोलीत दिवा काय अन् तार काय, दोन्हीले ‘लाइट बंद की’ असंच म्हनते. त्यानं एवढंच ऐकलं — बंद. त्याले पायजे होता तो शब्द भेटला. अन् डोळ्यानं पाह्यलं त खोलीत अंधार. मेन बंद केल्यावर होते तसाच अंधार. आता तुमी म्हनान, टेस्टर काहून नाई लावला. खिशात होता. काहून लावन? कानानं ऐकलं, डोळ्यानं पाह्यलं. मोबाइलचा लाइट दातात धरला असन, एक हात लोखंडी हुकाले अन् दुसरा तारेले नेला असन, मंग पायातली रबरी चप्पल काय करन? — दातात मोबाइल होता म्हनून वरडला नाई काका. मी लय दिवस तेच विचार करत होतो, वरडला कसा नाई.

काय? — मोठ्यानं बोला. — चुकून झालं? मले समजते ना. मी नाई म्हनलं का? चुकून झालं. एका शब्दाची चूक. तुमच्याजागी आमचा शेजारी असता, त्याचीबी झाली असती. मी आता इथं शिडीवर बसून, याच हुकाले पकडून सांगतो — त्या चुकीसाठी मी तुमाले कवाच माफ केलं असतं. तुमी आले असते, जनाज्यात मांग कुठं तरी उभे राह्यले असते, अम्मीले म्हनले असते, बाई, तुमच्या पोरानं आवाज देला होता, माहीच चूक झाली — तिनं तुमाले पानी पाजलं असतं काका. पन तुमी काय केलं? तुमी ठान्यात गेले, इस्तरीचा सदरा घालून गेले, अन् म्हनले त्यानं आवाजच देला नाई. चूक तुमच्या कानानं केली, हे तुमच्या तोंडानं केलं. कानाचं मानसाच्या हातात नसते. तोंडाचं असते.

अम्मीचं सांगतो तुमाले. त्या दिवशी सकाळी ती भाईवर वरडली होती. टमाटे सडके आनले म्हनून. एवढीच गोठ, टमाट्याची. तो चिडून, न खाता निघून आला तुमच्याकडं. आता ती बसल्या बसल्या म्हनते, मैंने सुबे सुबे उसका दिमाग खराब किया, इसलिए भूला मेरा बच्चा. पोलिसानं सांगतलं ना तिले, पोरगा मेन बंद करायचं भूलला. तर ती म्हनते, कलीम भूलत नव्हता, म्यांच भूलवला त्याले. टमाटे घरात येऊ देत नाई ती आता. गझाला भाभी करायले गेली त हातातून हिसकून उकिरड्यावर फेकून आली. मी किती सांगतलं, अम्मी, नाई, त्यानं आवाज देलाच असन. ती म्हनते, तू था क्या वहां? — काय सांगू? मी नव्हतो. जो होता तो सांगत नाई.

सरका. उतरतो मी. — आता सोडा शिडी, सोडली तरी चालन. इथंच उभे राहा, मेन मी चालू करून येतो.

— हं. पाहा, फिरून राह्यला ना? आवाज नाई, हालत नाई, जसा पायजे होता तसा. हे पंख्याचं बटन, हा रेग्युलेटर. गरम तार बटनावर घेतली, जुनं उलटं सगळं काढून फेकलं, अर्थिंग देली. बटन बंद केलं की वर पंख्यात काईच राहत नाई. ओलं फडकं घेऊन चढा, आभाताईले चढू द्या, कोनाले काई होत नाई या घरात आता. भाईची कसम.

अन् हा लाइट. चांगला हाय ना उजेड? पार कोपऱ्यातलं दिसून राह्यलं. — काय शोधून राह्यले बोर्डावर? लाइटचं बटन? नाई तिथं. तिथं मी कोरी पट्टी लावली, इस्क्रू कसून. बटन हे माह्या खिशात हाय, हे पाहा. लाइट मी सरळ जोडला. धोका काई नाई त्यात, तारा बराबर हाय, फकस्त बटन नाई. तुमाले बटनानं लाइट बंद करायची लय सवय ना? ते मोडून देतो मी. आता लाइट बंद करायचा असन त एकच रस्ता हाय — चालत जायचं, तिकडं न्हानीच्या बाजूले, अन् मेन बंद करायचं. भाईनं सांगतलं होतं तसं. रोज. अन् मेन बंद केलं की पंखाबी थांबन, आपल्या यवतमाळचा उन्हाळा तुमाले सांगायले नोको. पंखा पायजे त उजेडात झोपा. अंधार पायजे त घामात झोपा. जावई विचारन, मामंजी, हे असं काहून? सांगजा त्याले काईतरी. तुमाले जमते सांगायले.

दुसरा मिस्त्री आना ना, मी कुठं नाई म्हनतो. बटन लावायले त्याले वेळ नाई लागत. पन तोबी चढायच्या आधी म्हननच, लाइट बंद करा. अन् मंग पुसन, हे असं जोडलं कोनं, अन् काहून. त्याले सांगा लागन. एकदा खरं सांगतलं त मले बटनाचं काई नाई. पन मी म्हनतो, त्याले सांगायच्या आधी केळापूरले या. कोनालेबी डरपोक मिस्त्रीचं घर विचारा, दाखवते. अम्मी दारातच बसून असते. तिच्यासमोर उभे राहा अन् एवढंच म्हना — बाई, तुमचा कलीम भूलला नव्हता, त्यानं आवाज देला होता. लहान्या आवाजात नाई, मोठ्यानं. तिले कमी ऐकू येते. तुमी ते म्हनलं की मी तिथूनच तुमच्यासंग येतो, अन् हे बटन याच जागेवर बसवून देतो. — आता नोको, मले नोको सांगू काई. मले माहीत पडलं. मले सांगून अम्मीचं काय होते?

काकू आल्या वाटते, फाटक वाजलं. डोळे पुसा. भिंतीवरचा डाग मी पुसून देला, पाहा, रंगाले काई झालं नाई. शिडी माही हाय, नेतो. मोटरसायकलले बांधीन. — दारात उभे राहू नका काका, जाऊ द्या मले.

अन् झोपताना लाइट बंद करा.